३६० केबी फ्लॉपींच्या इमेज वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्राम : फायली मध्येच विस्कटतात, काही सेक्टर रिकामे येतात

पेनगंगाकाठ (तालुका मेहकर, जि. बुलढाणा)

नमस्कार मंडळी.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९९० ते १९९५ या काळात बदलीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी राहावे लागले, त्या त्या गावचे वऱ्हाडी शब्द त्यांनी गोळा केले. वर्षभर वहीत टिपायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या ठिकाणी एका स्नेह्याच्या संगणकावर, ज्यात पडद्यावर मराठी अक्षरे दाखवणारे सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेले होते, ते शब्द भरायचे, असा त्यांचा क्रम होता. वह्यांपैकी बऱ्याचशा एका पावसाळ्यात गळक्या छपराखाली भिजून गेल्या. उरल्या त्या सव्वापाच इंची ४१ फ्लॉपी, पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. वडील आता नाहीत, त्यामुळे हे काम माझ्याकडूनच व्हायला हवे असे मला मनापासून वाटते.

माझ्याकडे १.२ एमबीची एक जुनी ड्राइव्ह आहे आणि ती जोडता येईल असा, फ्लॉपी कंट्रोलर असलेला लिनक्सवर चालणारा जुना संगणक आहे. त्यावर मी २९ फ्लॉपींच्या इमेज, म्हणजे फ्लॉपीवरचे सगळे बाइट जसेच्या तसे उतरवलेल्या फायली, स्वतः काढल्या. उरलेल्या १२ फ्लॉपींच्या इमेज, माझ्याकडे ड्राइव्ह नव्हती तेव्हा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून करून घेतल्या होत्या. प्रत्येक इमेज बरोबर ३,६८,६४० बाइटची आहे. इमेज उघडून फायली बाहेर काढणारा, आणि पुढे नवी इमेज तयार करून फ्लॉपीवर परत लिहिणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहीत आहे, पण चार ठिकाणी अडलो आहे.

मी काढलेल्या इमेजमध्ये फायलींची यादी बरोबर येते, लहान फायली बरोबर येतात, पण मोठी फाइल पहिले एक-दोन हजार बाइट ठीक चालते आणि मग तिच्यात दुसऱ्याच फायलीचा मजकूर शिरतो. फाइल क्लस्टर नावाच्या तुकड्यांत ठेवलेली असते; पुढचा क्लस्टर शोधताना मी फॅटच्या, म्हणजे कोणत्या तुकड्यानंतर कोणता हे सांगणाऱ्या, कोष्टकातून दोन बाइट उचलतो आणि त्यातले खालचे १२ बिट घेतो. दुकानातून आलेल्या इमेजमध्ये मात्र यादी बरोबर आणि एकूण एक फाइल चुकीची, अगदी लहानसुद्धा. तिसरी अडचण १७ क्रमांकाच्या फ्लॉपीची. ती वाचताना ड्राइव्ह बराच वेळ खरखरते, शेवटी इमेज पूर्ण झाल्याचे दिसते, परंतु मधले काही भाग नुसते शून्यांनी भरलेले आहेत आणि ते मुळातच रिकामे होते की वाचता आले नाहीत हे इमेज पाहून कळत नाही. चौथी अडचण मराठीची. फायली डीबीएफ, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात माहिती ठेवणाऱ्या, प्रकारच्या आहेत आणि शब्दांच्या जागी उच्च मूल्यांचे बाइट दिसतात. उदाहरणार्थ, एका नोंदीत शब्दाच्या रकान्यात 'डी४ डीए डी४ सीएफ' (सोळाच्या पायाच्या अंकांत) हे चार बाइट आहेत आणि पुढे रकाना संपेपर्यंत नुसत्या मोकळ्या जागा.

त्या स्नेह्यांकडचा जिस्ट कार्डाचा संगणक आजही चालू आहे. त्यामुळे दुरुस्त केलेली फ्लॉपी लिहून तिथे वडिलांनी पाहिली तशीच ती अक्षरे पडद्यावर पाहावीत, अशी आईची इच्छा आहे. वाचन आणि लेखन या दोन्ही बाजूंबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


तिफन (आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, पहिल्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत, आणि आपण लक्षणे नीट लिहिल्यामुळे दोन्हींचे कारण इथूनच सांगता येते.

पहिली अडचण फॅट१२ च्या रचनेतली आहे. प्रत्येक क्लस्टरची नोंद १२ बिटांची, म्हणजे दीड बाइटाची असते, त्यामुळे दोन नोंदी तीन बाइटांत एकमेकींना खेटून बसतात. क्लस्टरचा क्रमांक आणि त्याची पूर्णांकी निम्मी संख्या यांची बेरीज केली की नोंद जिथून सुरू होते तो बाइट मिळतो. तिथले दोन बाइट, खालचा आधी या क्रमाने, एकत्र करावेत. क्रमांक सम असेल तर त्यातले खालचे १२ बिट घ्यावेत आणि विषम असेल तर वरचे १२, म्हणजे संख्या चार बिटांनी उजवीकडे सरकवावी. आपण सगळीकडे खालचेच १२ बिट घेत आहात, म्हणून विषम क्लस्टर आला की साखळी भलत्याच ठिकाणी जाते. पहिला क्लस्टर डिरेक्टरीतून थेट मिळतो आणि ३६० केबी फ्लॉपीवर एक क्लस्टर दोन सेक्टरांचा, म्हणजे १,०२४ बाइटांचा असतो. त्यामुळे एक-दोन हजार बाइटांपर्यंत सारे सुरळीत चालते. आपली चूक त्या मापात अगदी चपखल बसते.

दुसरी अडचण बाजूंच्या क्रमाची आहे. साध्या इमेजमध्ये शीर्षक नसते, खुणा नसतात, नुसते सेक्टर एकापुढे एक ठेवलेले असतात. प्रचलित क्रमात शून्याव्या सिलिंडरची (म्हणजे दोन्ही बाजूंवरच्या एकाच क्रमांकाच्या ट्रॅकच्या जोडीची) पहिली बाजू, मग त्याच सिलिंडरची दुसरी बाजू, मग पुढचा सिलिंडर अशी मांडणी असते. काही साधने मात्र आधी एका बाजूचे ४० ट्रॅक आणि नंतर दुसऱ्या बाजूचे ४० ट्रॅक लिहितात. दोन्ही प्रकारांत एकूण आकार ४० गुणिले २ गुणिले ९ गुणिले ५१२, म्हणजे तोच ३,६८,६४० येतो, त्यामुळे आकारावरून काही कळत नाही.

आता यादी बरोबर का येते ते पाहा. पहिला सेक्टर बूटचा, पुढचे चार फॅटच्या दोन प्रतींचे आणि त्यानंतरचे सात मूळ डिरेक्टरीचे, असे मिळून ० ते ११ हे सेक्टर होतात. त्यांपैकी ० ते ८ पहिल्या बाजूच्या पहिल्या ट्रॅकवर असतात, म्हणून क्रम कोणताही असला तरी ते जागच्या जागीच राहतात. त्यात डिरेक्टरीचे पहिले चार सेक्टर येतात आणि प्रत्येक सेक्टरात ३२ बाइटांच्या १६ नोंदी मावतात. म्हणजे फ्लॉपीवर ६४ पेक्षा कमी फायली असतील तर यादी निर्दोष दिसणारच. फायलींचा मजकूर मात्र १२ व्या सेक्टरापासून, म्हणजे दुसऱ्या बाजूवर सुरू होतो आणि तिथे लगेच सगळे चुकते. दुकानाच्या इमेज पुन्हा काढण्याची गरज नाही. प्रोग्राममध्ये सेक्टर शोधण्याचे एकच सूत्र एका ठिकाणी ठेवा आणि त्याला बाजूंच्या क्रमाचा पर्याय द्या.

सूत्र तपासण्यासाठी प्रत्येक फाइलच्या साखळीची लांबी मोजावी आणि डिरेक्टरीतील आकाराला १,०२४ ने भागून वर पूर्ण केलेल्या संख्येशी ताडून पाहावी. ४१ फ्लॉपींवर हे जुळले तर वाचनाचा पाया पक्का झाला. त्यासोबत फॅटच्या दोन्ही प्रती एकमेकींशी ताडाव्यात. बरेच प्रोग्राम फक्त पहिली प्रत वाचतात, आणि नेमका तिचाच सेक्टर खराब असला की फ्लॉपी गेली असे जाहीर करतात, वास्तविक दुसरी प्रत शेजारीच धडधाकट असते.

फायलींच्या तारखाही वाया जाऊ देऊ नका. डिरेक्टरीच्या नोंदीत २४ व्या स्थानी दोन बाइटांत तारीख असते. खालचे ५ बिट दिवस, मधले ४ महिना आणि वरचे ७ बिट १९८० पासूनची वर्षे. '६एफ १ए' असे बाइट दिसले तर ती १५ मार्च १९९३ ही तारीख. संगणकाचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर वडील कोणत्या दिवशी बसून काम करत होते, तेवढे आपल्याला या दोन बाइटांतून मिळते.


जुनी_ड्राइव्ह (अचलपूर, जि. अमरावती)

एमटूल्स हे साधन फॅट१२ इमेजमधून फायली काढून देते आणि लिनक्सवर इमेज थेट माउंटही करता येते. मग नवा प्रोग्राम लिहिण्यात वेळ का घालवावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शब्द महत्त्वाचे आहेत, प्रोग्राम नव्हे.


सरकी (दिग्रस, जि. यवतमाळ)

जुनी_ड्राइव्ह यांचे म्हणणे निम्मे मला मान्य आहे. एमटूल्स जरूर वापरावे आणि आपल्या प्रोग्रामने काढलेली प्रत्येक फाइल त्याच्या फाइलशी बाइट न् बाइट ताडावी. परंतु ज्या सेक्टरबद्दल पेनगंगाकाठ विचारत आहेत, तिथे ही साधने काही सांगू शकत नाहीत, कारण ती माहिती साध्या इमेजमध्ये मुळात शिल्लकच नसते. माझ्या मते या साऱ्या कामातला कळीचा प्रश्न तोच आहे. मी एका ग्रंथालयात काम करते आणि जुन्या नोंदणीच्या फ्लॉपी वाचवताना हीच चूक माझ्या हातून झाली होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वाचता न आलेल्या सेक्टरच्या जागी शून्ये भरली की ती खऱ्या शून्यांसारखीच दिसतात. आणखी वर्षभराने ती इमेज कोणी उघडली तर तिथे काही होते याचा मागमूसही उरत नाही. एक लहानसा आधार आहे. डॉसने फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर न वापरलेले सेक्टर एफ६ या बाइटने भरलेले असतात, त्यामुळे रिकाम्या भागात मध्येच शून्यांचा सेक्टर आला तर शंका घ्यायला जागा असते. पण फाइलच्या पोटातल्या सेक्टरबाबत हा आधार चालत नाही.

म्हणून मूळ प्रत साध्या इमेजमध्ये ठेवू नका. डेव्ह डनफिल्ड यांच्या इमेजडिस्क या प्रोग्रामचा आयएमडी हा प्रकार यासाठी फार उपयोगाचा आहे आणि तो वाचणारा-लिहिणारा कोड एका संध्याकाळी लिहून होतो. फाइलच्या सुरुवातीला 'आयएमडी' ही अक्षरे, आवृत्ती आणि तारीख असते, मग आपल्याला हवी तेवढी टिप्पणी, आणि ती १ए या बाइटने संपते. पुढे प्रत्येक ट्रॅकसाठी पाच बाइट असतात : वेग आणि लेखनपद्धती, सिलिंडर, बाजू, सेक्टरांची संख्या आणि सेक्टराचा आकार. त्यानंतर सेक्टर ज्या क्रमाने ट्रॅकवर फिरतात त्या क्रमाने त्यांचे क्रमांक येतात आणि मग एकेक सेक्टर. प्रत्येक सेक्टराआधी एक बाइट असतो आणि सगळे मोल त्या बाइटात आहे. ० म्हणजे सेक्टर मिळालाच नाही. १ म्हणजे मजकूर नीट मिळाला. २ म्हणजे सगळे बाइट सारखेच होते, म्हणून एकच साठवला. ५ म्हणजे मजकूर मिळाला, पण वाचताना त्रुटी आली. उरलेली मूल्ये वगळलेल्या खुणेच्या सेक्टरांसाठी आणि याच प्रकारांच्या जोड्यांसाठी आहेत.

यातल्या ० आणि ५ मधला फरक आपल्या कामात निर्णायक ठरतो. सेक्टराच्या शेवटी १६ बिटांची सीआरसी, म्हणजे मजकूर बरोबर वाचला गेला का हे ताडण्याची संख्या, असते. ती जुळली नाही तर ५१२ बाइटांत एखादाच बिट चुकलेला असू शकतो आणि बाकीचा मजकूर पूर्ण वाचनीय असतो. असा सेक्टर शून्यांनी झाकून टाकणे म्हणजे हाती आलेला शब्द टाकून देणे होय. आपल्या प्रोग्रामने फाइल काढताना प्रत्येक सेक्टराची स्थिती फाइलबरोबर पुढे नेली पाहिजे आणि ज्या नोंदीत संशयास्पद बाइट आले असतील तिथे तशी खूण छापली पाहिजे.

मिळालाच नाही अशा सेक्टरांसाठी आणखी एक पायरी खाली उतरावे लागते. ग्रीसवीझल नावाचा, किअर फ्रेझर यांनी बनवलेला एक लहान बोर्ड येतो. तो एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने ड्राइव्हला जोडतात. तो बाइट वाचत बसत नाही, चुंबकीय बदलांमधला वेळ मोजून देतो. त्याची नोंद एससीपी या प्रकारात ठेवली तर एकक २५ नॅनोसेकंदांचे असते. ३६० केबी फ्लॉपीवर हे बदल ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंदांच्या अंतराने येतात, म्हणजे १६०, २४० आणि ३२० एकके. लक्षात घ्या, आपली १.२ एमबीची ड्राइव्ह मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे घेते, म्हणून तिच्यावर हेच आकडे सुमारे १३३, २०० आणि २६७ येतील. साध्या कंट्रोलरलाही याच कारणाने सेकंदाला २५० ऐवजी ३०० किलोबिटांचा वेग सांगावा लागतो. तिचे हेड ८० ट्रॅकच्या मापाने सरकते, तेव्हा ४० ट्रॅकच्या फ्लॉपीवर दर वेळी दोन पावले टाकावी लागतात. या नोंदीतून आपण स्वतः बिट काढायचे, ४४८९ हा खुणेचा नमुना शोधायचा, तीनदा ए१ आणि मग एफई आले की सेक्टराचा पत्ता, एफबी आले की मजकूर. सीआरसीची सुरुवात एफएफएफएफ पासून होते आणि तीन ए१ तिच्यात धरायचे असतात. तेवढे झाल्यावर मूल्य सीडीबी४ आले पाहिजे. ते आले नाही तर पुढे जाऊ नका, चूक आपल्या कोडमध्येच आहे.

प्रोग्रामच्या आधी मात्र फ्लॉपीकडे पाहा. हेडसाठी ठेवलेल्या लांबट खिडकीतून, मधले छिद्र बोटाने हळूहळू फिरवत, उजेडात तबकडी बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचे फिकट ठिपके धरतात आणि जिनिंगच्या जवळच्या घरांत कापसाची बारीक फसही आत गेलेली असते. अशी फ्लॉपी तशीच फिरवली तर ठिपका हेडवर चिकटतो आणि पुढच्या दहा फ्लॉपींवर ओरखडे काढतो. कापसाच्या बोळ्याऐवजी धागे न सुटणारे कापड घ्यावे, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर करावे, तबकडी टेकत टेकत पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड स्वच्छ करावे. आणि आजच्या आज सर्व ४१ फ्लॉपींच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंची फ्लॉपीत खाच झाकली की लेखन बंद होते.


पेनगंगाकाठ

तिफनदादा, विषम क्रमांकाची दुरुस्ती केली आणि २९ पैकी २८ इमेज लगेच सुटल्या. दुकानाच्या इमेजसुद्धा बाजूंचा क्रम बदलताच नीट उघडल्या. एका फ्लॉपीत फॅटची पहिली प्रत खरोखरच बिघडलेली होती आणि दुसरी शाबूत होती, हे मी एरवी पाहिलेच नसते.

सरकीताई, १७ क्रमांकाच्या फ्लॉपीवर आपण सांगितले तसे तीन ठिपके दिसले. बोर्ड मागवला आहे. तोपर्यंत चौथ्या अडचणीकडे वळतो.


उंबरठा (देसाईगंज, जि. गडचिरोली)

चौथ्या अडचणीचे उत्तर आपण दिलेल्या चार बाइटांतच आहे. ते इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली, आहे, आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकातले. डी४ म्हणजे व, डीए म्हणजे काना, पुन्हा डी४ म्हणजे व आणि सीएफ म्हणजे र. आपल्या वडिलांनी तिथे 'वावर' लिहिले आहे.

इस्कीचा क्रम युनिकोडच्या देवनागरीशी बराचसा जुळतो, पण ठरावीक आकडा वजा करून चालत नाही, कारण मध्ये मध्ये अक्षरे वाढलेली आहेत. 'अ' साठी जो फरक येतो तो 'क' साठी येत नाही. म्हणून पूर्ण कोष्टक लिहावे. त्यात तीन जागी विशेष काळजी घ्यावी लागते. ई८ हा हलन्त आहे. तो लागोपाठ दोनदा आला तर पाय मोडलेला उघडा ठेवायचा असतो, आणि ई८ पाठोपाठ ई९, म्हणजे नुक्ता आला तर अर्धे अक्षर अर्धेच दाखवायचे असते. या दोन्हींसाठी युनिकोडमध्ये अनुक्रमे अजोडक आणि जोडक अशी शून्य रुंदीची चिन्हे घालावी लागतात. तिसरी काळजी खास आपल्या बोलीची. डी० हे 'ऱ' साठी आहे. 'पऱ्हाटी' हा शब्द सी८ डी० ई८ डी८ डीए बीडी डीसी असा भरलेला असेल. मी पाहिलेल्या एका तयार कोष्टकात डी० ला साधा 'र' दिलेला होता आणि त्यामुळे सगळ्या पऱ्हाट्यांवर रफार चढले होते. वऱ्हाडी शब्दांच्या संग्रहात ही चूक पानोपानी होईल.

आणखी एक तपासणी करा. डॉसच्या काळात बी० ते डीएफ या पट्ट्यात चौकटीच्या रेषा असत, म्हणून पीसीसाठी इस्कीची अक्षरे त्या पट्ट्याबाहेर सरकवलेली एक वेगळी मांडणीही होती. आपला नमुना मूळ मांडणीतला आहे, पण ४१ ही फ्लॉपी तशाच असतील असे गृहीत धरू नका. प्रत्येक फाइलमध्ये कोणता बाइट किती वेळा येतो ते मोजा. एखाद्या फाइलमध्ये बी० ते डीएफ हा पट्टा जवळजवळ ओस असेल तर ती फाइल वेगळी ठेवा.

डीबीएफमध्ये प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट मोकळी जागा किंवा तारांकन असतो. तारांकन म्हणजे नोंद वगळण्यासाठी खूण केलेली, पण मजकूर तिथेच असतो. अशा नोंदी गाळू नका, वेगळ्या रकान्यात दाखवा. शब्द संग्रहात घ्यावा की नाही याबद्दल त्यांचे मन कसे बदलत गेले, ते त्यातच दिसेल.


तिफन

लेखनाच्या बाजूबद्दल राहिले होते, ते लिहितो.

आयएमडीतून साधी इमेज करणे सोपे आहे, परंतु ग्रीसवीझलला द्यायची असेल तर पूर्ण ट्रॅक आपणच रचून पाहावा, त्यातून वाचनाचा कोडही तपासला जातो. ३०० फेऱ्यांच्या गतीला आणि २५० किलोबिटांच्या वेगाला एका ट्रॅकवर ६,२५० बाइट मावतात. सुरुवातीचा मोकळा भाग आणि निर्देशखूण मिळून १४६ बाइट. एका सेक्टराला पत्ता, सीआरसी, मधले अंतर आणि ५१२ बाइट धरून ५७४, त्यापुढे ८० बाइटांचे अंतर, म्हणजे ६५४. असे नऊ सेक्टर ५,८८६ होतात. एकूण ६,०३२ आणि उरलेले २१८ बाइट ४ई ने भरायचे. हा हिशेब जुळला नाही तर शेवटचा सेक्टर पहिल्यावर चढतो आणि फ्लॉपी कधी वाचली जाते, कधी नाही.

खरी अडचण ड्राइव्हची आहे. १.२ एमबीच्या ड्राइव्हचे हेड अरुंद ट्रॅक लिहिते. आधी ३६० केबीच्या ड्राइव्हने लिहिलेल्या फ्लॉपीवर तिने पुन्हा लिहिले तर रुंद ट्रॅकच्या कडेला जुना मजकूर शिल्लक राहतो आणि त्या स्नेह्यांच्या संगणकातली ३६० केबीची ड्राइव्ह दोन्ही एकदमच ऐकते. म्हणून कधीच न वापरलेली फ्लॉपी घ्या, किंवा जुनी असेल तर चुंबकाने पूर्ण पुसून घ्या, किंवा सरळ त्यांच्याच संगणकावर फॉरमॅट करून तिथेच लिहा. १.२ एमबीसाठी बनवलेली फ्लॉपी ३६० केबीसाठी वापरू नका, तिचा लेप वेगळ्या चुंबकीय ताकदीचा असतो. आणि वडिलांच्या ४१ पैकी एकीवरही काही लिहू नका.


पेनगंगाकाठ

उशिरा उत्तर देत आहे, क्षमस्व. सोयाबीनच्या कापणीत तीन आठवडे गेले आणि त्यात संध्याकाळचे भारनियमन, त्यामुळे वाचन पहाटे करावे लागले.

१७ क्रमांकाच्या फ्लॉपीत तीन सेक्टर अडलेले होते. सतराव्या सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचे चौथा आणि पाचवा सेक्टर पुसल्यानंतर सहाव्या वाचनात सीआरसीसह पूर्ण मिळाले. ते दोन्ही मिळून १५५ क्रमांकाचा एकच क्लस्टर होतो, म्हणजे सलग आठ नोंदी परत आल्या. त्यांत 'इरजिक' होता आणि त्यापुढे वडिलांनी अर्थ दिला होता, 'एकमेकांच्या वावरात बैलजोड्या नेऊन एका दिवसात काम उरकणे'.

बाविसाव्या सिलिंडरच्या पहिल्या बाजूचा सातवा सेक्टर मात्र मिळाला नाही. त्या जागी लेपच उडालेला आहे आणि आरपार उजेड दिसतो. या फायलीचे शीर्षक १२९ बाइटांचे आणि प्रत्येक नोंद १२८ बाइटांची आहे : खुणेचा एक, शब्दाचे २५, अर्थाचे ८० आणि गावाचे २२. त्यामुळे ५१२ बाइटांच्या त्या सेक्टरात आधीच्या नोंदीचा शेवटचा एक बाइट, तीन पूर्ण नोंदी आणि चौथीचा शेवटचा बाइट सोडून बाकी सारे गेले. म्हणजे नेमके चार शब्द. त्यांच्या आधी 'कासरा' आहे आणि नंतर 'जुपणं', दोन्ही एकाच गावचे.

मी ती यादी आईला वाचून दाखवली. कासऱ्यापासून जुपण्यापर्यंत बैलांच्या सामानाचे कोणते शब्द असतील ते तिने भराभर सांगितले, सात-आठ तरी. मी ते लिहून घेतले आणि यातले चार तिथे भरू का, असे विचारले. ती म्हणाली, "मी सांगतलेलेच शब्द तुह्या बाबानं लिहिले असतीन कशावरून?" तिचे शब्द मी तिच्या नावाने वेगळ्या फायलीत ठेवले आहेत. आयएमडीत त्या सेक्टराची खूण ० अशीच आहे आणि टिप्पणीत फ्लॉपीचा क्रमांक, सिलिंडर, बाजू, सेक्टर आणि वाचनाच्या तारखा लिहिल्या आहेत.

कोरी फ्लॉपी त्या स्नेह्यांच्या संगणकावरच फॉरमॅट केली आणि तिथेच लिहिली. डीबीएफमध्ये हरवलेल्या चार नोंदी मी काढून टाकल्या नाहीत. शब्दाच्या रकान्यात प्रोग्राम इस्कीमध्येच 'वाचता आले नाही' असे लिहितो. आई पडद्यासमोर बसली होती. पऱ्हाटीवरचा 'ऱ' जसाच्या तसा आला. त्या चार ओळी आल्या तेव्हा तिने थांबायला सांगितले, वर कासरा, खाली जुपणं असे दोन्हीकडचे शब्द पुन्हा मोठ्याने वाचले आणि मग पुढे जाऊ दे म्हणाली.